भिंतीतलं कपाट भिंतीला लागत नाही: रेव्हिटमध्ये पुन्हा पुन्हा येणारी अडचण

"बाय, कपाट वण्टीक लागना. फाटल्यान फट उरता."

कपाट भिंतीला लागत नाही, मागे फट उरते, असं सांगणारा मेस्तांचा, म्हणजे सुतारांचा, हा फोन गोव्यात सावईवेऱ्याच्या एका जुन्या घरातून आला तेव्हा चवथ (गणेश चतुर्थी) अकरा दिवसांवर आली होती. माजघरात गणपती बसतो त्या जागेच्या उजव्या हाताला भिंतीत एक फडताळ होतं, वाळवीने पोखरलेलं. ते काढून तिथे जमिनीपासून वरपर्यंत नवं कपाट बसवायचं होतं. खाली पूजेच्या भांड्यांचे खण, मध्ये उघडी मांडणी, वर माटोळीची (गणपतीवर फळं-भाज्या बांधतात ती) चौकट आणि एरवी न लागणारं सामान ठेवायला लॉफ्ट. रेव्हिट या इमारतींची मॉडेलं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल मी केलं होतं, ड्रॉइंग मीच काढलं होतं आणि स्क्रीनवर कपाट भिंतीला अगदी चिकटून होतं. साइटवर मागे डावीकडे २२ मिमी फट, उजवीकडे खाली ८ आणि वर ३५.

ही पहिली वेळ असती तर माप चुकलं म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याआधी म्हापशाच्या एका फ्लॅटमध्ये ओट्याखालची कपाटं अशीच अडली होती, आणि पर्वरीच्या एका ऑफिसात भिंतभर केलेली फायलींची कपाटं शेवटच्या खणात ८ मिमीने मोठी झाली होती. दर वेळी पट्टी मारून वेळ निभावली. चवथ झाल्यावर तिन्ही फाइली शेजारी उघडून बसले तेव्हा कळलं की तिन्हीकडे दुखणं एकच आहे. कपाट ज्याच्यापासून मोजायला हवं होतं त्याच्यापासून मी मोजलंच नव्हतं. कुठे भिंतीच्या भरवशावर, कुठे लेव्हलच्या (मॉडेलमधल्या मजल्याच्या उंचीच्या), तर कुठे प्लायच्या छापील जाडीच्या भरवशावर ते उभं होतं. आणि यातली एकही गोष्ट साइटवर मॉडेलसारखी नसते.

खाली जे लिहिते आहे ते रेव्हिटपुरतं आहे. आर्किकॅड या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना बटणं वेगळी सापडतील, पण विचार तोच लागेल.

भिंत हलवून बघा

कपाट कशाला बांधलेलं आहे हे कळायला एक मिनिट लागतं. फक्त भिंत निवडा, ती १०० मिमी सरकवा आणि काय होतं ते बघा. कपाट सोबत गेलं तर ते भिंतीवर होस्ट केलेलं, म्हणजे भिंतीच्याच आधाराने बसवलेलं आहे किंवा कुलूप लावून भिंतीला अडकवलेलं आहे. जागच्या जागी राहिलं तर मोकळं आहे. इशाऱ्याची खिडकी उघडून 'कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड' असं म्हणाली तर एकाच कपाटाला दोन ठिकाणांहून ओढलेलं आहे. बघून झालं की लगेच अनडू करा.

मग कपाट निवडून प्रॉपर्टीजमध्ये होस्टचा रकाना वाचा. तिथे भिंतीचं नाव असेल, लेव्हलचं असेल, किंवा 'नॉट असोसिएटेड' असेल. हे शेवटचं दिसलं तर समजा, ज्या पृष्ठभागावर कपाट बसवलं होतं तो कधीतरी कुणीतरी पुसून टाकला आहे आणि कपाट हवेत लटकतं आहे. दिसायला ते जागेवरच असतं, म्हणून महिनोन्महिने लक्षात येत नाही. वास्तूचं मॉडेल दुसऱ्या ऑफिसकडून लिंक होऊन येत असेल तर हे हमखास होतं, कारण त्यांनी एखादी भिंत पुसून नव्याने काढली की आपल्या दृष्टीने ती वेगळीच भिंत असते. अशा वेळी कोऑर्डिनेट विभागातलं 'रीकन्साइल होस्टिंग' उघडा. कुठली कपाटं अनाथ झाली त्याची यादी तिथे मिळते आणि नवा पृष्ठभागही देता येतो.

आणखी एक चोर आहे, तो सहसा कुणी तपासत नाही. होस्ट नसलेल्या फॅमिलीच्या (रेव्हिटमध्ये कपाट, दार, खुर्ची अशा वस्तूच्या साच्याला फॅमिली म्हणतात) प्रॉपर्टीजमध्ये 'मूव्हज विथ निअरबाय एलिमेंट्स' नावाचा एक चौकोन असतो. त्यात खूण असेल तर कपाट होस्ट न करताही शेजारच्या भिंतीमागे सरकत जातं. मोकळ्या खुर्चीसाठी ते ठीक आहे. भिंतीतल्या कपाटासाठी ही खूण काढून टाका.

२२ मिमी कुठून आले

सावईवेऱ्याचं घर चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, वर चुन्याचा गिलावा. मी भिंतीचा प्रकार गिलाव्यासकट ४५० मिमी धरला होता आणि भिंत काढताना लोकेशन लाइन, म्हणजे भिंत जिच्या आधाराने काढली जाते ती रेषा, रेव्हिट जी आपोआप देतं तीच ठेवली, म्हणजे भिंतीच्या मधोमध. जुना गिलावा दोन्ही बाजूंनी सुटत होता, तो खरवडून नवा केला. काम झाल्यावर भिंत भरली ४०६. फरक ४४ मिमी, दोन्ही बाजूंना वाटला तर २२-२२. मेस्तांना दिसलेली डावीकडची फट ती हीच.

मग भिंतीचा प्रकार बदलून ४०६ केला असता तर भागलं असतं का? नाही, आणि हे नीट समजून घ्यावं असं आहे. प्रकार बदलला की रेव्हिट भिंतीची लोकेशन लाइन हलवत नाही, तिच्या दोन्ही बाजू आत-बाहेर करतं. कपाट भिंतीच्या पृष्ठभागावर होस्ट केलेलं असल्याने तेही २२ मिमी मागे गेलं असतं. पण या कपाटाचा पुढचा चेहरा शेजारच्या दाराच्या चौकटीच्या रेषेत यायला हवा होता आणि चौकट जुनी, जागेवर घट्ट. म्हणजे मागची फट गेली असती आणि पुढे कपाट चौकटीपेक्षा २२ मिमी आत दिसलं असतं. चूक फक्त एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली असती.

कपाटाला दोन बाजू असतात, पाठ आणि चेहरा, आणि जुन्या घरात दोन्ही वेगवेगळ्या गोष्टींनी ठरतात. पाठ भिंतीने ठरते, चेहरा चौकटीने, खांबाने किंवा ओट्याच्या दगडाने. कपाटाची खोली, म्हणजे पाठ ते चेहरा हे अंतर, ही उरलेली रक्कम असते. मी खोली ४५० अशी ठरवून टाकली होती आणि कपाट भिंतीला टांगलं होतं, त्यामुळे साइटवरचा प्रत्येक फरक कुठे ना कुठे फट होऊन बाहेर पडणारच होता.

लोकेशन लाइनचा धडा मात्र लक्षात ठेवा. ज्या बाजूला बांधीव कपाटं येणार आहेत त्या बाजूचा 'फिनिश फेस' (गिलाव्यासकट तयार पृष्ठभाग) लोकेशन लाइन म्हणून निवडा. मग गिलाव्याची जाडी किंवा भिंतीचा प्रकार बदलला तरी कपाटाकडची बाजू हलत नाही, सगळा फरक पलीकडे जातो.

उपाय: स्वतःच्या रेषा

आता मी कुठलंही बांधीव कपाट भिंतीवर होस्ट करत नाही. प्रत्येक कपाटासाठी प्लॅनमध्ये दोन रेफरन्स प्लेन, म्हणजे मापासाठीच्या आधाररेषा, काढते आणि त्यांना मराठीत नावं देते: 'माजघर कपाट पाठ', 'माजघर कपाट चेहरा'. या रेषा कुठे आहेत ते मी साइटवरच्या मापावरून ठरवते, मॉडेलमधल्या भिंतीवरून नाही.

फॅमिली 'मेट्रिक केसवर्क' (केसवर्क म्हणजे बांधीव कपाटं) या होस्ट नसलेल्या टेम्प्लेटवर बनवते. भिंतीवर आधारलेलं टेम्प्लेट एकदा निवडलं की पुढे त्या फॅमिलीतून भिंत काढून टाकता येत नाही. अशी जुनी फॅमिली वापरायचीच असेल तर त्यातली भूमिती उचलून नव्या टेम्प्लेटमध्ये ठेवावी लागते, आणि सगळे पॅरामीटर पुन्हा जोडावे लागतात. दोन दिवस जातात, पण घरटी पट्ट्या मारत बसण्यापेक्षा बरं.

फॅमिलीच्या आत डावी, उजवी, पुढची आणि मागची रेफरन्स प्लेन हवीत आणि त्यांच्या 'इज रेफरन्स' रकान्यात लेफ्ट, राइट, फ्रंट, बॅक अशी ठरलेली नावं निवडायला हवीत. तिथे 'नॉट अ रेफरन्स' राहिलं तर प्रोजेक्टमध्ये अलाइन करताना ती बाजू हाताला लागतच नाही, मग आपण दिसेल त्या कडेला अलाइन करतो आणि ती कड शटरची निघते. ठरलेल्या नावांचा दुसरा फायदा असा की उद्या कपाटाची फॅमिली बदलून दुसरी टाकली तरी आधी दिलेली मापं तुटत नाहीत.

रुंदी, उंची आणि खोली हे तिन्ही इन्स्टन्स पॅरामीटर करा, म्हणजे प्रत्येक कपाटाला वेगळं माप देता येतं. कारखान्यात बनलेल्या मॉड्युलर कपाटांसाठी टाइप पॅरामीटर, म्हणजे एका प्रकाराच्या सगळ्या कपाटांना एकच माप, शोभतात. जुन्या घरात प्रत्येक कोनाडा वेगळ्या मापाचा असतो आणि प्रत्येकासाठी नवा टाइप काढायला लागलो तर यादी हाताबाहेर जाते.

प्रोजेक्टमध्ये कपाटाची पाठ 'पाठ' रेषेला अलाइन करून कुलूप लावा आणि चेहरा 'चेहरा' रेषेला. खोली आपोआप निघते. आडव्या दिशेला मात्र एकाच टोकाला कुलूप लावा. दोन्ही टोकं दोन भिंतींना बांधली की एखादी भिंत थोडी जरी हलली तरी इशारे सुरू होतात, आणि घाईत 'रिमूव्ह कन्स्ट्रेंट्स' दाबलं जातं, मग कुठलं कुलूप गेलं ते कुणालाच कळत नाही.

ओळंब्यात नसलेली भिंत

उजवीकडे खाली ८ आणि वर ३५, म्हणजे तिथे भिंत वर जाता जाता २७ मिमी मागे कलली होती. आपल्याकडच्या जुन्या चिऱ्याच्या भिंती ओळंब्यात आणि गुण्यात असतील असं धरणं हीच पहिली चूक. मी आता लेझरची उभी रेषा मारून नऊ मापं घेते: जमिनीपासून १००, १२०० आणि २४०० मिमीवर, प्रत्येक उंचीला डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. शिवाय कोनाड्याचे दोन्ही कर्ण. कर्ण सारखे नसतील तर कोनाडा गुण्यात नाही, मग मधलं माप कितीही बरोबर असलं तरी कपाट आत जाणार नाही.

नऊ मापांपैकी भिंत खोलीत सगळ्यात पुढे जिथे आली आहे तो बिंदू 'पाठ' रेषेचा. सरासरी काढू नका. सरासरीवर कपाट बसवलं तर अर्ध्या भिंतीशी ते आपटतं.

रेव्हिट २०२१ पासून तिरकी आणि २०२२ पासून निमुळती भिंत काढता येते, त्यामुळे कललेली भिंत हुबेहूब काढायचा मोह होतो. मीही तो केला. पृष्ठभागावर होस्ट केलेलं कपाट त्या तिरक्या भिंतीबरोबर तिरकं झालं आणि शटरच्या सगळ्या उंच्या विचित्र आकड्यांत यायला लागल्या. कपाट नेहमी ओळंब्यात असतं, भिंत असो वा नसो. मॉडेलमध्ये भिंत सरळ ठेवा, तिचं कलणं कपाटाच्या बाजूच्या पट्टीत पचवा. फॅमिलीत 'डावी पट्टी' आणि 'उजवी पट्टी' असे दोन इन्स्टन्स पॅरामीटर ठेवा. मी प्रत्येकी ४० मिमी धरते. मेस्त ती पट्टी साइटवर भिंतीच्या रेषेप्रमाणे रंधून बसवतात. ४० मधले १५ रंधले गेले तरी २५ उरतात आणि शटर उघडताना भिंतीला घासत नाही.

पाठीमागे हवा

हा मुद्दा सॉफ्टवेअरचा नाही, पण फॅमिलीत तो नसेल तर तिसऱ्या पावसाळ्यात कपाट हातात येतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड, पाणी धरून ठेवतो. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला पाठ टेकवून कपाट केलं तर आत कपड्यांना वास यायला लागतो, मागच्या ६ मिमी प्लायला बुरशी येते आणि पाठोपाठ वाळवी.

म्हणून 'मागची हवा' असा एक पॅरामीटर ठेवा, बाहेरच्या भिंतीला २५ मिमी, आतल्या भिंतीला १० पुरे. फॅमिलीचं बॅक रेफरन्स प्लेन भिंतीच्या रेषेवर राहू द्या आणि प्रत्यक्ष प्लायची पाठ त्या पॅरामीटरने पुढे घ्या. असं केलं की अलाइन भिंतीच्या रेषेला होतं आणि हवेची जागा विसरली जात नाही. खालच्या पायपट्टीत आणि वर लॉफ्टच्या माथ्यावर जाळीची फट दाखवायला हवी, नाहीतर मागची हवा कोंडूनच राहते. मटेरियलच्या नावात 'आयएस ७१० प्लाय' (म्हणजे मरीन प्लाय) असं स्पष्ट लिहा. नुसतं 'प्लाय' लिहिलं तर साइटवर जे स्वस्त असेल ते येतं. ओट्याखाली आणि बाहेरच्या भिंतीला तरी मरीन प्लायच हवा, यात मी तडजोड करत नाही.

१८ चा प्लाय १८ राहत नाही

पर्वरीच्या ऑफिसातले ८ मिमी. कपाट २४०० रुंद, दोन भिंतींच्या मध्ये घट्ट बसणारं, उभे पाट पाच. मी प्रत्येक पाट १८ धरला. प्रत्यक्षात प्रत्येक पाटाला दोन्ही बाजूंनी ०.८ चं लॅमिनेट लागलं, म्हणजे पाट १९.६ चा झाला. पाच पाटांचे पाचदा १.६, बरोबर ८. खणांची आतली मापं मी ड्रॉइंगवर पक्की दिली होती, मेस्तांनी ती पाळली आणि सगळा फरक शेवटच्या खणावर आला. त्यांची काही चूक नव्हती.

लॅमिनेट वेगळं मॉडेल करायला जाऊ नका. रेव्हिटमध्ये सुमारे ०.८ मिमीपेक्षा छोटी रेषा काढताच येत नाही, 'लाइन इज टू शॉर्ट' म्हणून ते थांबतं, आणि लॅमिनेट नेमकं त्याच उंबरठ्यावर असतं. पाटाची जाडी हा एक पॅरामीटर करा आणि त्यात तयार जाडी भरा: आत ०.८ आणि बाहेर १ मिमी असेल तर शटर १९.८, ड्रॉइंगवर २०. रंग आणि पोत मटेरियल पॅरामीटरने द्या. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणाऱ्या कपाटात एक खण नेहमी मोकळा सोडा, म्हणजे त्याचं माप लिहू नका, 'साइटवर' असं लिहा.

फळ्यांची संख्या अॅरेने, म्हणजे एकच फळी ठराविक अंतराने पुन्हा मांडून, करत असाल तर एक अडचण लगेच येईल: अॅरेची संख्या शून्य चालत नाही. देवघराच्या खणात फळीच नको असते, मग फॅमिली तुटते. वापरकर्त्याने भरायचा आकडा वेगळा ठेवा, अॅरेला त्याच्यापासून काढलेला सूत्राचा आकडा द्या, दोनपेक्षा कमी असेल तर दोन, आणि फळ्या दिसण्यासाठी वेगळं हो-नाही पॅरामीटर जोडा. एकच फळी हवी असेल तर ती अॅरेबाहेर स्वतंत्र ठेवलेली बरी.

उंची कुठून मोजली

म्हापशाच्या ओट्याची गोष्ट इथली. माझी लेव्हल स्लॅबच्या माथ्यावर होती, ओटा तिच्यापासून ८५०, खिडकीचा उंबरा ९००. वर फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून ६० मिमी आला. मेस्त फरशीवर उभे राहून मोजतात, त्यांनी ८५० फरशीपासून धरले. ओट्याचा ग्रॅनाइट स्लॅबपासून ९१० वर गेला आणि खिडकीचा उंबरा त्याच्या १० मिमी खाली. गवंड्याचं बरोबर, मेस्तांचं बरोबर, ड्रॉइंग चूक.

लेव्हल तयार फरशीच्या माथ्यावर ठेवा आणि स्लॅबला उणे ऑफसेट द्या. चालू प्रोजेक्टमध्ये लेव्हल हलवायला भीती वाटत असेल, आणि ती रास्तच आहे कारण सगळंच हलतं, तर निदान कपाटांच्या एलिव्हेशनमध्ये फरशीची रेषा वेगळी काढून सगळ्या उंच्या तिच्यापासून द्या.

लॉफ्ट प्लॅनमध्ये सलग रेषेत दिसतो, किंवा दिसतच नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर कॅटेगरीत आहे. रेव्हिटमध्ये केसवर्क ही कापली जाणारी कॅटेगरी आहे, फर्निचर नाही. बांधीव कपाट फर्निचरमध्ये बनवलं असेल तर प्लॅनची कट प्लेन (ज्या उंचीवर प्लॅन कापून दाखवतात ती पातळी) त्याच्यातून गेली तरी ते कापलं जात नाही, वरून बघितल्यासारखं अख्खं दिसतं, आणि सेक्शनमध्येही १८ चा पाट जाड रेषेत येत नाही. फॅमिली एडिटरमध्ये कॅटेगरी बदलून केसवर्क करा. बदलण्याआधी स्वतः बनवलेल्या सबकॅटेगरी लिहून ठेवा, त्या बदलात जातात.

आता लॉफ्ट. कट प्लेन बहुतेक टेम्प्लेटमध्ये १२०० वर असते आणि तिच्या वरचं काही प्लॅनमध्ये दिसत नाही, असा सर्वसाधारण नियम. याला तीन अपवाद आहेत: खिडक्या, जेनेरिक मॉडेल आणि केसवर्क. या तीन कॅटेगरींतल्या वस्तू कट प्लेन आणि व्ह्यू रेंजच्या टॉपच्या (प्लॅनमध्ये दाखवायच्या सगळ्यात वरच्या मर्यादेच्या) मध्ये असतील तर वरून पाहिल्यासारख्या दिसतात. म्हणून २१०० वरचा लॉफ्ट सलग रेषेत दिसतो आणि खालचं कपाट झाकून टाकतो. टॉप २१०० च्या खाली असेल तर लॉफ्ट अजिबात दिसत नाही. दोन्ही तक्रारी एकाच नियमातून येतात.

लॉफ्टची फॅमिली वेगळी ठेवा. तिच्या सगळ्या घन भागांची दृश्यता प्लॅनमध्ये बंद करा. मग फॅमिलीच्या प्लॅन व्ह्यूमध्ये सिम्बॉलिक लाइनने बाहेरचा चौकोन आणि दोन कर्ण काढा, त्यांना 'वरचे' नावाची स्वतंत्र सबकॅटेगरी द्या आणि प्रोजेक्टमध्ये तिची रेषा तुटक करा. व्ह्यू रेंजचा टॉप लॉफ्टच्या वर आहे ना हे एकदा बघा. इतकं केलं की विषय संपतो, दर शीटवर तुटक रेषा हाताने काढायची गरज उरत नाही. हाताने काढलेली रेषा कपाट हलल्यावर मागेच राहते, हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे.

जाड भिंतीतला कोनाडा

जुनं फडताळ पुन्हा वापरायचं असेल किंवा ४०० च्या भिंतीत दिवळी ठेवायची असेल तर भिंत कापावी लागते. होस्ट नसलेल्या फॅमिलीतही ते होतं: आत एक व्हॉइड (कापणारा पोकळ आकार) काढा, 'कट विथ व्हॉइड्स व्हेन लोडेड' ला खूण करा आणि प्रोजेक्टमध्ये कट जॉमेट्रीने आधी भिंत, मग कपाट निवडा. कापणं आपोआप होत नाही, प्रत्येक जागी हाताने करावं लागतं, म्हणून कपाट कॉपी केलं की भिंत तपासा.

भिंत भार घेणारी असेल तर नवा कोनाडा कापण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मातीत बांधलेल्या चिऱ्यांवर वरून मंगळुरी कौलांचं छप्पर असतं. जुन्या फडताळावर लाकडाची तुळई असते तशी नव्यावरही काहीतरी लागणार, आणि ते ड्रॉइंगमध्ये यायलाच हवं.

यादी जुळत नाही

शेड्यूलमध्ये, म्हणजे रेव्हिट मॉडेलवरून करतं त्या यादीत, कपाटं चार, मेस्तांना हवीत शटरं अकरा. शटर आणि ड्रॉवर वेगळे मोजायचे असतील तर त्या आतल्या फॅमिलीत 'शेअर्ड' ला खूण हवी, नाहीतर त्या आई-फॅमिलीत विरघळून जातात. आणि मापांचे पॅरामीटर साधे फॅमिली पॅरामीटर असतील तर ते शेड्यूलमध्ये किंवा टॅगमध्ये येत नाहीत, शेअर्ड पॅरामीटर करावे लागतात. इन-प्लेस फॅमिली, म्हणजे प्रोजेक्टमध्येच जागेवर बनवलेली, यासाठी वापरू नका. तिची प्रत केली की प्रत्येक प्रत वेगळी वस्तू होते, एकीत बदल केला तर दुसरीत होत नाही, आणि फाइल फुगते.

बिजागऱ्या, चॅनेल, हँडल यांचं मॉडेल मी करत नाही. ३५ मिमीची कप बिजागरी कुठे येते ते १:५ च्या डिटेलमध्ये डिटेल कंपोनंटने दाखवते. तिचा कप आणि स्क्रू प्रत्येक शटरमागे घन रूपात टाकले तर वीस फ्लॅटच्या मॉडेलमध्ये फिरणं मुश्कील होतं. त्याच कारणाने कॅबिनेटचे आतले पाट फक्त फाइन डिटेल लेव्हलला दिसतील असं ठेवा. १:१०० वर ते नुसते काळे पट्टे होतात.

आरशातली कपाटं

नव्या इमारतींत शेजारचे दोन फ्लॅट एकमेकांचे आरसे असतात आणि आपण ग्रुप मिरर करून मोकळे होतो. मिरर केल्यावर चित्रात बिजागरी उजवीकडे जाते, पण टाइप आणि टॅग तोच राहतो, त्यामुळे यादीत अकराच्या अकरा शटरं डावीच निघतात. शटरच्या फॅमिलीत 'बिजागरी उजवी' असं हो-नाही पॅरामीटर ठेवून ते शेड्यूलमध्ये आणा आणि मिरर केलेल्या फ्लॅटमध्ये हाताने भरा. कपाट ग्रुपमध्ये आणि त्याची भिंत ग्रुपबाहेर असेल तर होस्टचे इशारेही येतात. कपाटं स्वतःच्या रेषांवर असली की ते येत नाहीत, पण त्या रेषा ग्रुपमध्ये घ्यायला विसरू नका.

सावईवेऱ्याचं मॉडेल मी नंतर या पद्धतीने पुन्हा केलं, कारण त्याच घरात वरच्या मजल्यावर आणखी दोन कोनाडे व्हायचे होते. मेस्तांसाठी प्रत्येक कपाटाचं एक स्वतंत्र शीट आता असतं, त्यावर पहिलं माप रुंदीचं नसतं. चौकटीपासून 'पाठ' रेषेपर्यंतचं अंतर ठळक अक्षरात सगळ्यात वर येतं आणि त्याखाली एक ओळ: हे माप साइटवर तीन उंचीला जुळल्यावरच प्लाय कापावा, ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी फोन करावा. वरच्या कोनाड्यांच्या वेळी मेस्तांनी फोन केला तो प्लाय कापायच्या आधी. फरक ११ मिमी होता. रेषा हलवली, खोली आपोआप बदलली, आणि नवं शीट त्याच दुपारी त्यांच्या हातात गेलं.